टार्डेबिगच्या तीस लॉकनी शिकवलेलं

इंग्लंडमधल्या वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर, ब्रॉम्सग्रोव्ह गावाजवळ, टार्डेबिगची चढण आहे. सव्वादोन मैलांत ओळीने ३० लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद, आणि एकूण चढ २२० फूट. ब्रिटनमधली ही लॉकची सर्वांत लांब रांग. दादा-वहिनींच्या नॅरोबोटीतून एप्रिलच्या एका दिवसात आम्ही ती खालून वर चढलो. सकाळी ऊन, दुपारी गारा, संध्याकाळी पुन्हा ऊन. पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल ते इथे मांडते आहे.

१. आभाळ स्वच्छ असतानाच तयारी करा.
सुकाणू धरणारा माणूस बोटीच्या मागच्या टोकाला उघड्यावर उभा असतो. एक हात सुकाणूच्या दांड्यावर, दुसरा इंजिनाच्या खटक्यापाशी. छत्रीला हात उरतच नाही. अंगात थरावर थर कपडे हवेत, वर पाऊस अडवणारं जाकीट आणि पायांत पक्की पकड असलेले बूट. सर पडून गेली की लॉकच्या कडेचे दगड आणि दरवाज्यावरची अरुंद फळी फार निसरडी होतात. तिथे धावायचं नाही आणि अर्धवट उघड्या दरवाज्यांवरून उडी तर मुळीच मारायची नाही.

२. पावसापेक्षा वाऱ्याला जपा.
नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद, पण सत्तर फुटांपर्यंत लांब असते. तळ सपाट, त्यामुळे पाण्यात फार बुडत नाही, आणि वाऱ्याला ढकलायला लांबलचक भिंत मिळते. पंखा फिरून सुकाणूवर पाणी फेकत असेल तोवरच बोट ऐकते. मोकळ्या पाण्यात इंजिन मंद करून ताटकळत राहिलात, तर वारा तिला हमखास काठावर नेतो. म्हणून पुढचा लॉक तयार होईपर्यंत आताच्या लॉकमध्येच थांबा किंवा काठाला दोरी बांधा. कालव्यावर ताशी ४ मैलांची मर्यादा आहे. बांधून ठेवलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जायचं.

३. विंडलॅस आखावर विसरू नका.
लॉकमध्ये पाणी घेणाऱ्या आणि सोडणाऱ्या झडपा या लोखंडी हँडलने वर उचलतात. उचललेली झडप एक छोटा खटका तोलून धरतो. तो निसटला, तर आखावर राहिलेलं विंडलॅस गरगर फिरतं. त्याने हात मोडू शकतो. झडप बंद करतानाही ती धाडकन पाडू नका, फिरवून खाली आणा.

४. डोळे कायम बोटीवर ठेवा.
वर चढताना झडप आधी थोडीच उघडा. एकदम उघडलीत, तर पाण्याच्या लोंढ्यात बोट पुढे-मागे आपटते. उतरताना धोका वेगळा असतो. वरच्या दरवाज्याच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो आणि त्याची हद्द काठावर पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या उंबऱ्यावर अडकलं आणि पाणी उतरत राहिलं, तर पुढचा भाग खाली जाऊन बोट बुडू शकते. गारांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून ‘थांब’ आणि ‘झडप बंद कर’ यांच्या हाताच्या खुणा निघण्याआधीच ठरवा.

५. दरवाज्याशी झुंजू नका.
दोन्ही बाजूंच्या पाण्यात थोडा जरी फरक असला, तरी चौघांनी जोर लावूनही दरवाजा हलत नाही. पातळी सारखी झाली की वहिनी एकटीच लांब तुळईला पाठ टेकून तो सहज उघडायची. भर पावसात ती शेवटची मिनिटं लांबतात खरी, पण तिथे ताकदीचा उपयोग नाही. वाट पाहणं हेच काम.

६. समोरून येणाऱ्याचा विचार करा.
लांब रांगेत एकाने पुढे चालत जाऊन पुढचा लॉक तयार ठेवावा. मात्र तो भरलेला असेल आणि वरून बोट येत असेल, तर रिकामा करू नका. आधी तिला उतरू द्या. एका अरुंद लॉकमधून दर वेळी साधारण लाखभर लिटर पाणी खाली जातं. हे पाणी जलाशयात साठवून कालव्यात आणावं लागतं, आणि कोरड्या उन्हाळ्यात ते कमी पडलं की लॉक बंद ठेवण्याची वेळ येते.

७. हा कालवा कुणीतरी वाचवला आहे, हे लक्षात ठेवा.
सर्वांत वरचा लॉक सुमारे १४ फूट खोल आहे, कारण १८०८मध्ये तिथे बोटी सरळ वर उचलणाऱ्या यंत्राचा प्रयोग झाला होता आणि पुढे त्याच्या जागी हा लॉक बांधला गेला. विसाव्या शतकात रेल्वे आणि रस्त्यांपुढे कालव्यांची मालवाहतूक ओसरली, तेव्हा लेखक एल. टी. सी. रोल्ट आपल्या ‘क्रेसी’ बोटीवर इथेच राहत होते. १९४५मध्ये रॉबर्ट आयक्मन त्यांना इथे भेटायला आले आणि त्या भेटीतून १९४६मध्ये कालवे वाचवण्यासाठी ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ स्थापन झाली. आपण आज या पाण्यावरून जातो, त्यामागे अशा माणसांचे आणि असंख्य स्वयंसेवकांचे कष्ट आहेत.

त्यांचं ऋण फेडायला मोठं काही करावं लागत नाही. लॉक सोडताना दरवाजे आणि झडपा नीट बंद झाल्या का, हे स्वतः जाऊन पाहा. पाऊस कोसळत असेल, सगळे दमले असतील, तरी पाहा. मागून येणाऱ्या बोटीला पाणी पुरणार की नाही, हे त्यावरच ठरतं.