आगबोटीवरच्या पणजोबांचा माग: कुठे, किती दिवस, किती पैसे

पणजोबा आगबोटीवर होते, विलायतेला गेले आणि परत आलेच नाहीत. किंवा आले, पण तिकडे दुसरं घर केलं होतं म्हणे. कोकणात आणि गोव्यात ही गोष्ट घराआड एका घरात ऐकू येते. ती खरी किती, हे कागदावर पाहायचं असेल तर बरंचसं काम फुकटात होतं, उरलेलं दोन-तीन हजारांत. तरी लोक याच्या कित्येक पट घालवून बसतात, कारण सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी परदेशी वेबसाइटची वर्गणी भरतात आणि मग गावचा कागद शोधायला निघतात.

तीन गोष्टी हातात येईपर्यंत एक रुपयाही खर्चू नका: जहाजाचं नाव, साल (पाच वर्षं इकडे-तिकडे चालेल) आणि वडिलांच्या नावासकट गाव. आडनाव मी मुद्दाम यादीत घेतलेलं नाही. जहाजांच्या जुन्या हजेरीत आपल्या खलाशांची आडनावं बहुतेक वेळा नसतातच. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव असतं, तेही साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं.

आधी घरातली ट्रंक

शोधायचं ते डिस्चार्ज बुक. आज त्याला सीडीसी म्हणतात, जुने गोंयकार नल्ली म्हणायचे. ते सापडलं तर अर्धं काम झालं. प्रत्येक सफरीची एक ओळ असते: जहाजाचं नाव, जहाजाचा अधिकृत क्रमांक, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा आणि शेवटी शिक्का. शिक्क्यात ‘व्ही.जी.’ असेल तर काम-वर्तणूक उत्तम. ‘डी.आर.’ असेल तर कप्तानाने शेरा द्यायला नकार दिला, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. घरातल्या मोठ्यांना हे विचारताना जरा जपून.

जहाजाचा अधिकृत क्रमांक हा तुमच्या पणजोबांचा नंबर नव्हे. मी स्वतः महिनाभर तो नंबर खलाशाचा समजून शोधत बसलो होतो.

बुक नसेल तर फोटो बघा. मागे उभ्या माणसांच्या डोक्यावर लाइफबॉय टांगलेला असतो, त्यावर जहाजाचं नाव असतं. मनीऑर्डरच्या पावत्या, पाकिटावरचे पोस्टाचे शिक्के, पदक असेल तर त्याची कड. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा.

हुद्द्याचे शब्दही टिपून ठेवा, कारण इंग्रजी कागदात ते ओळखू येत नाहीत. सारंग आणि तांडेल कळतात. पण सुकाणी म्हणजे चाकावरचा माणूस, कसाब म्हणजे कोठीवाला, टोपास म्हणजे झाडूवाला, भंडारी म्हणजे स्वयंपाकी, आगवाला म्हणजे बॉयलरवरचा. ‘कसाब’ आणि ‘भंडारी’ हे हुद्दे आडनाव समजून लोक भलत्याच घराण्याची वंशावळ काढून मोकळे झालेत.

गावचे कागद

घराणं पक्कं करायचं ते इथे. तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, बोलीत कोतवाल बुक. अर्ज करताना गाव, अंदाजे साल आणि नाव द्या. ‘सगळी नोंदवही दाखवा’ असा अर्ज परत येतो. नंतर जमिनीचे फेरफार काढा. वारस फेरफारात मयताचं नाव, वारस आणि त्यांचं नातं लिहिलेलं असतं. माणूस परदेशी राहिला आणि जमीन भावांनी आपल्या नावावर करून घेतली, तर त्याचा मागही तिथेच लागतो. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. त्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक मागे जा. पणजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. मुलांच्या नोंदीत ‘बापाचा धंदा’ हा रकाना वाचायला विसरू नका.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या इंग्रजी कागदात मालवण-वेंगुर्ल्याचा माणूससुद्धा ‘रत्नागिरी’चाच असतो, आणि रत्नागिरीचं स्पेलिंग तऱ्हेतऱ्हेचं. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं होती, त्यांची दप्तरं वेगळी.

हिंदू घराण्यांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांची नामावळ विसरू नये. पूर्वज क्षेत्री आले की आपल्या हाताने नावं, गाव, कुळ लिहून जायचे. फी नसते, दक्षिणा असते. आकडा आधी मोकळेपणाने ठरवा आणि पानाचा फोटो काढू देणार का, ते बसण्यापूर्वी विचारा. कोकणी मुसलमान कुटुंबांनी काझींच्या निकाह नोंदवह्या आणि गावची जमात गाठावी.

इथला छुपा खर्च मोडीचा. जुनी वही मोडीत असली की वाचक लागतो आणि त्याला ठरलेला सरकारी दर नाही. दहा पानं एकदम देऊ नका. आधी एक पान द्या, त्यातलं तुमचं नाव जिथे दिसतं तेवढ्या ओळी वाचून घ्या आणि दर पानामागे की नोंदीमागे, ते लिहून घ्या. घरात कुणाला उत्साह असेल तर पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात, हा दीर्घ मुदतीचा स्वस्त उपाय.

गोव्याचे असाल तर १९१४ पासूनच्या नागरी नोंदी त्या त्या तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात, त्याआधीचं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. आणि मुंबईत धोबीतलाव-माझगावच्या कुडी. गोव्याच्या एकेका गावाची एकेक कूड असायची. बोट लागेपर्यंत खलाशी तिथेच ट्रंक ठेवून राहायचे. तुमच्या गावची कूड अजून चालू असेल तर सभासदांची जुनी वही मागा. पत्र पाठवून काम होत नाही, जाऊन बसावं लागतं. एक सावधगिरी: १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवून देणारे एजंट हेच कागद काढून देतात, पण पॅकेजच्या भावात. तुम्हाला पासपोर्ट नको, फक्त नोंद हवी असेल तर त्यांच्या दारात जाऊ नका.

मुंबईतल्या दोन-तीन खिडक्या

स्वातंत्र्यानंतरची नोकरी असेल तर बॅलार्ड इस्टेटला नौभवनातलं शिपिंग मास्टरचं कार्यालय. तोंडी विचारून उपयोग नाही, माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, केंद्राच्या पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. नकलेला पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात सीडीसी क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, जन्मसाल आणि मृत्यूचा दाखला जोडा. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तरी फाइलला लावा, पुढच्या खिडकीवर तेच दाखवायचं असतं. १९६४ नंतर नोकरीत असलेल्यांसाठी खलाशांच्या भविष्य निर्वाह निधीकडेही असाच अर्ज करता येतो. वारसाचं नाव तिथे हमखास लिहिलेलं असतं.

महायुद्धात वारले असं घरात म्हणत असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा शोध पूर्ण मोफत आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईतच, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. शोधताना आडनावाच्या चौकटीत पहिलं नाव टाकून बघा, मग बापाचं. कधी कधी नोंदीत गावही निघतं.

विलायतेचे कागद: आधी फुकटचे

ब्रिटिश खलाशांच्या सेवा-नोंदपत्रांत हिंदी खलाशांसाठीच्या वेगळ्या, ‘आशियाई’ करारावर चढलेले आपले लोक सहसा नसतात. त्यासाठी पैसे घेणारा कुणी भेटला तर सरळ नाही म्हणा. तुम्हाला हवी ती जहाजाची क्रू-लिस्ट.

१९१५ सालच्या क्रू-लिस्ट नावानिशी ऑनलाइन आहेत, पैसे पडत नाहीत. बाकी वर्षांसाठी कुठे जायचं ते सालावर ठरतं. साल पाचने संपत असेल (१९०५, १९२५, १९३५) तर ग्रीनिचचं नॅशनल मेरिटाइम म्युझियम, अपवाद १९४५. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं असेल तर लंडनमध्ये क्यू इथलं नॅशनल आर्काइव्हज. उरलेल्यांपैकी १८६३ ते १९३८ मधल्या सुमारे ७० टक्के याद्या कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. कॅनडाला लिहिताना जहाजाचा अधिकृत क्रमांक लागतो. तो क्रू-लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या साइटवर मोफत सापडतो. आधी खर्चाचा अंदाज मागवा. काही न सापडल्यास शोधाची फी परत मिळते का, हेही त्याच पत्रात विचारा.

क्यूला प्रवेश आणि वाचक-कार्ड मोफत, आपल्या मोबाइलने फोटो काढणंही मोफत. लंडनला भाचा शिकायला असेल तर त्याचा एक शनिवार मागून घ्या. तासावर पैसे घेणाऱ्या संशोधकापेक्षा तो स्वस्त पडतो, जेवणाचं बिल धरूनसुद्धा. फक्त त्याला कागदाचा संदर्भ क्रमांक आधी शोधून द्या, नाहीतर पहिला दिवस कॅटलॉगमध्येच जाईल.

माणूस तिकडेच राहिला असा संशय असेल तर दोन वाटा आहेत. न्यूयॉर्कला उतरलेल्या बोटींच्या क्रू-याद्या फॅमिलीसर्चवर मोफत दिसतात; नावापुढे ‘डेझर्टेड’ लिहिलं असेल तर पणजोबांनी बोट सोडली. दुसरी वाट ब्रिटनची. इंग्लंड-वेल्समधल्या लग्न-मृत्यूची सूची फ्रीबीएमडीवर मोफत. प्रवासी याद्यांवर (आगमनाच्या १८७८ पासून, निर्गमनाच्या १८९० पासून, दोन्ही १९६० पर्यंत) वेळ घालवण्यापूर्वी एवढं ध्यानात घ्या: कामावर असलेला खलाशी प्रवासी यादीत नसतो. मागाहून गेलेली बायको-मुलं असतात.

आता पैसे

सूचीत नाव, साल, गाव जुळलं की मगच दाखला मागवा. इंग्लंडच्या सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसचा छापील दाखला साडेबारा पौंड, पीडीएफ आठ पौंड, काही जुन्या नोंदींची नुसती डिजिटल प्रतिमा तीन पौंड. जन्म-मृत्यूसाठी प्रतिमा किंवा पीडीएफ मिळत असेल तर वंशावळीला तेवढी पुरते, शिक्क्याचा कागद लागत नाही. लग्नाचा दाखला मात्र छापीलच मिळतो; तोच पहिला मागवा. त्यात नवऱ्याच्या बापाचं नाव आणि धंदा असतो, आणि गावच्या नोंदीशी गाठ पडते ती तिथेच. स्कॉटलंडसाठी सरकारी साइट वेगळी: साडेसात पौंडांना ३० क्रेडिट, एका प्रतिमेला ६, म्हणजे दीड पौंड. दर बदलत राहतात, भरण्याआधी सरकारी पानावर पाहून घ्या.

सरकारी पानासारखंच दिसणारं खासगी पान शोधात सगळ्यात वर येतं, जाहिरात म्हणून. तोच दाखला तिथे दुप्पट-तिप्पट भावाने. पत्ता ‘जीओव्ही डॉट यूके’ने संपतो का ते बघा.

साडेबारा पौंड म्हणजे एका पौंडाचे ११५ रुपये धरून सुमारे १,४४०. पण कार्डाच्या बिलात दिसतात १,५०० च्या आसपास, कारण बँक परकीय चलनावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. पैसे भरताना ‘रुपयांत भरा’ असा पर्याय आला तर नको म्हणा, पौंडांतच भरा. रुपयांचा भाव तिथे त्यांच्या मर्जीचा असतो.

अँसेस्ट्री, फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या साइटची चाचणी मोफत असते, पण कार्ड आधी मागतात आणि मुदत संपली की वर्गणी आपोआप सुरू. चाचणी घेतली त्याच संध्याकाळी ऑटो-रिन्यू बंद करा. मुदत संपेपर्यंत शोध चालूच राहतो. मी ‘उद्या करू’ म्हणालो आणि एका साइटला वर्षाची वर्गणी दान केली. शक्यतो वर्गणी एक महिन्याचीच घ्या आणि शोधायच्या नावांची यादी तयार ठेवून मगच घ्या.

१९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना विकत देतो म्हणणाऱ्याला हाकलून द्या. ती १९४२ मध्ये आगीत जळाली. १९४१ ची झालीच नाही. मधल्या काळासाठी १९२१ ची जनगणना आणि सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर आहे, पण १९३९ ला जो समुद्रावर होता तो त्यात नाही.

डीएनए चाचणी शेवटची, आणि बहुतेकांना नकोच. चाचणी केलेली कोकणातली माणसं थोडी, आणि जातीत-गावात लग्नं होत आल्यामुळे जो तो दूरचा चुलत निघतो. इंग्लंडात दुसरं घर होतं असा पक्का कागद हाती असेल, तरच त्या बाजूच्या नातवंडांशी जुळवायला तिचा उपयोग.

वेळ धरा: घर आणि गाव दोन महिने, मुंबईचे अर्ज महिना-दीड महिना, विलायतेचा पत्रव्यवहार तीन-चार महिने. गावचं काम पावसाळ्याआधी उरका; जून उजाडला की रेकॉर्ड रूममधली ओल आणि तुमची एसटी, दोन्हींचा भरवसा नाही. आणि कुठल्याही पाकिटात झेरॉक्सच घाला. मूळ डिस्चार्ज बुक कुणी ‘स्कॅन करून देतो’ म्हणून मागितलं, तर त्याला घरी बोलवा, चहा द्या आणि समोर बसवून स्कॅन करून घ्या.