सांडपाण्यातून रोगाचा माग

पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. संसर्ग झालेल्या सुमारे २०० बालकांपैकी एखाद्यासच पक्षाघात होतो. उरलेली धडधाकट दिसतात, परंतु नकळत रोग पसरवितात. साहजिकच, केवळ लुळ्या पडलेल्या मुलांची मोजदाद करून रोगाचा खरा पसारा कळत नाही.

ही उणीव सांडपाण्याच्या तपासणीने भरून निघते. भारतात या कामास २००१ साली मुंबईत प्रारंभ झाला. ठरावीक ठिकाणांहून नियमितपणे नमुना घ्यावयाचा, तो थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यावयाचा आणि त्यातील विषाणू पेशींवर वाढवून ओळखावयाचे, अशी ही पद्धत आहे. विषाणू लसीतील आहे की रोगकारक, हे त्याच्या जनुकीय रचनेवरून ठरते. मात्र तो कोणत्या घरातून आला, हे त्यावरून समजत नाही. आणि जेथे गटारेच नाहीत, त्या वस्तीचा कानोसा घेणे कठीण जाते. म्हणून रुग्णशोधास ही तपासणी पूरक होय, पर्याय नव्हे.

भारतातील अखेरचा नैसर्गिक पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. तथापि गाफील राहून चालणार नाही. २०२२ साली लंडनच्या सांडपाण्यात लसजन्य पोलिओविषाणू सापडला. तेथे पक्षाघाताचा एकही रुग्ण आढळला नसताना १ ते ९ वर्षांच्या मुलांना लसीची जादा मात्रा देण्यात आली. वेळीच मिळालेल्या सूचनेचे मोल हेच. ती सार्थकी लागावयाची, तर प्रत्येक पालकाने आपल्या बालकास लसीच्या सर्व मात्रा दिल्या पाहिजेत.