हिवाळ्यात कातडीची निगा

दिवाळी सरली म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर इत्यादी तालुक्यांतून पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस जातात, व उन्हाळा लागेपर्यंत त्यांचा मुक्काम कोपीत असतो. पहाटेच्या गारठ्यात, दवाने भिजलेल्या फडात, फाटक्या चपलांनी उभे राहावयाचे. मग टाचा फुटल्यावाचून कशा राहतील? नवराबायकोच्या जोडीस तेथे एक कोयता म्हणतात. भेगेत माती जाऊन पू झाला व एकाचा पाय बसला, तर दोघांची मजुरी बुडते; आणि मुकादमाची उचल तर फिटलीच पाहिजे.

अंगातले तेल आटल्यामुळे कातडी फुटते, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. कातडीत पाणी असते, व वरचा स्निग्ध थर ते राखून ठेवतो. कढत पाणी व साबण यांनी तो थर धुऊन जातो, आणि थंड कोरडी हवा आतले पाणी शोषून घेते. यास्तव कोमट पाण्याने थोडक्यात स्नान करावे, अंग टिपावे, व ते ओलसर आहे तोच तेल लावावे. तेल पाणी आणीत नाही, असलेले कोंडून ठेवते. घरचे करडईचे तेल किंवा साधे व्हॅसलीन पुरे. सुवासिक मलमावर पैसा घालविण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. कपड्यांचा साबण मात्र अंगास लावू नये.

टाचांस रात्री 10 ते 15 मिनिटे कोमट पाण्यात ठेवून वजरीने हलकेच घासावे, व्हॅसलीन चोपडावे आणि सुती फडके गुंडाळून निजावे. कोकणात याच कामी कोकमतेल वापरतात. ब्लेडने कातडी तासणे हे तर दुखणे विकत घेणे होय.

दुखणाऱ्या भेगेपेक्षा न दुखणाऱ्या भेगेचे भय अधिक. पाय बधिर असेल, अंगावर फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा असेल, तर ते मधुमेहाचे किंवा कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. कुष्ठरोगाचे नाव काढण्यास आपली माणसे अजून लाजतात. पण तो औषधाने बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रात 6 ते 12 महिन्यांचे औषध फुकट मिळते. फडावर निघण्यापूर्वीच तपासून घ्यावे. अशा माणसाने पाय रोज उजेडात पाहावेत, ते भिजत ठेवू नयेत, आणि स्नानाचे पाणी किती ऊन आहे हे घरातील दुसऱ्या कोणाकडून पाहवून घ्यावे.