मौन आणि अबोला

शास्त्रपाठ : १ राजे १९:९-१३



एलिया संदेष्टा होरेब डोंगरावर गुहेत मुक्कामाला होता. सोसाट्याचा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी पेटला. पण परमेश्वर त्यांत नव्हता. मग एक हळुवार कुजबुज ऐकू आली आणि एलियाने झग्याने आपले तोंड झाकून घेतले. हा शास्त्रपाठ ज्यात येतो, असा एक माहितीपट उपवासकाळात अवश्य पाहावा. त्याचे नाव ‘इन्टू ग्रेट सायलेन्स’ (२००५).

फ्रान्समध्ये आल्प्स पर्वतात, ग्रेनोबल शहराजवळ, ‘ग्रांद शार्त्रज’ हा कार्थुसियन व्रतस्थांचा मठ आहे. संत ब्रुनो यांनी १०८४ साली सहा सोबत्यांसह तेथे एकांतवासाला आरंभ केला. जर्मन दिग्दर्शक फिलिप ग्रोनिंग यांनी १९८४ साली मठाकडे चित्रीकरणाची परवानगी मागितली. अजून वेळ आलेली नाही, असे त्यांना कळवण्यात आले. होकार आला तो १६ वर्षांनी! मग ग्रोनिंग एकटेच कॅमेरा घेऊन काही महिने मठात राहिले. चित्रपटात कृत्रिम प्रकाश नाही, निवेदन नाही, वरून घातलेले संगीतही नाही.

अडीच तासांहून अधिक काळ आपण काय पाहतो? खोलीत गुडघे टेकलेला एक व्रतस्थ. मध्यरात्री घंटेचा दोर ओढणारे हात. अंधारात एका दिव्यापाशी चाललेले स्तोत्रगायन. लाकूडतोड, शिवणकाम, बर्फाखालची बाग. पहिली वीस मिनिटे आपण चुळबुळ करतो. मग हळूहळू पावसाचे थेंब, पावलांचा आवाज, पानांची सळसळ ऐकू येऊ लागते. आपले कान उघडतात.

हे मौन रुक्ष नाही. आठवड्यातून एकदा व्रतस्थ फिरायला जातात, मोकळेपणी बोलतात. एका प्रसंगी तर ते बर्फाच्या उतारावरून लहान मुलांसारखे घसरतात आणि खळखळून हसतात! शेवटी एक वृद्ध, अंध व्रतस्थ बोलतात. आपले अंधत्व आत्म्याच्या भल्यासाठीच आहे, असे मानून ते देवाचे आभार मानतात. त्यांची श्रद्धा त्या मौनात पिकली आहे.

येथे आपण स्वतःला तपासून पाहू या. आपल्या घरांतही कधी कधी शांतता असते. पण ती अबोल्याची असते. वाटणीवरून, मानापमानावरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षे बोलत नाही आणि दोघेही एकाच वेदीपाशी ख्रिस्तशरीर स्वीकारतात. अबोला दार लावून घेतो. मौन दार उघडते. अबोल्यात मी माझेच म्हणणे पुन्हा पुन्हा ऐकतो. मौनात देवाचे आणि शेजाऱ्याचे ऐकतो. जो देवापुढे रोज थोडा वेळ गप्प बसतो, त्याला भावाच्या दारात जाऊन पहिला शब्द बोलण्याचे बळ मिळते.

माहितीपट कुटुंबाने एकत्र पाहावा. एका बैठकीत जमत नसेल, तर दोन संध्याकाळी पाहावा. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवावेत. नंतर लगेच टीव्ही न लावता पाच मिनिटे शांत बसावे.

चिंतनासाठी :
१. दिवसातील कोणता वेळ मी देवाचे ऐकण्यासाठी राखून ठेवतो?
२. घरातील कोणाचे बोलणे मी ऐकून न ऐकल्यासारखे करतो?
३. ईस्टरपूर्वी मला कोणाशी धरलेला अबोला सोडायचा आहे?