जोडीने शोधा, विभाजक सुटणार नाही

प्रश्न : सहावीतली मुलगी विभाजक शोधताना एखादा हमखास विसरते आणि मग मसाविही चुकतो. काय करावं?

उत्तर : विभाजक एकेकटे शोधले की सुटतात. ते जोडीनेच शोधावेत. ६० साठी १×६०, २×३०, ३×२०, ४×१५, ५×१२, ६×१०. सातने भाग जात नाही आणि इथेच थांबायचं. आठ आठे चौसष्ट, म्हणजे ६० च्या पुढे. त्यामुळे आठ किंवा त्याहून मोठ्या विभाजकाचा जोडीदार आठापेक्षा लहानच असणार, आणि तो आधीच सापडलेला आहे. सहा जोड्या, बारा विभाजक. ३६ सारख्या वर्गसंख्येत मात्र सहाची जोडी सहाशीच जमते, म्हणून तिचे विभाजक नऊ. मुलांना हा विषम आकडा फार आवडतो!

आता मसावि. फराळाचे ८४ लाडू आणि ६० चकल्या सारख्या पाकिटांत भरायच्या, काही उरू द्यायचं नाही. जास्तीत जास्त पाकिटं किती? ८४ च्या जोड्या १×८४, २×४२, ३×२८, ४×२१, ६×१४, ७×१२. दोन्हीकडे असलेला सर्वांत मोठा विभाजक १२. प्रत्येक पाकिटात सात लाडू, पाच चकल्या.

संख्या मोठ्या असतील, तर युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास मांडलेली रीत वापरावी. ८४ ला ६० ने भागल्यावर बाकी २४. ६० ला २४ ने भागल्यावर १२. २४ ला १२ ने भागल्यावर शून्य. शेवटचा भाजक, १२, हाच मसावि. ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’तली कुट्टक पद्धतही अशाच परस्पर भागाकारावर उभी आहे.