ब्रेड मशीन आणि पहिली दहा मिनिटे



मळणे, फुगवणे आणि भाजणे ही तीन कामे ब्रेड मशीन एकाच डब्यात उरकते. डब्याच्या तळाशी पाते, ते फिरवणारी मोटर, डब्याभोवती तापणारी कॉइल आणि या साऱ्यांना ठरल्या वेळी चालू-बंद करणारे सर्किट, एवढाच त्याचा संसार. साध्या ब्रेडला तीन ते चार तास लागतात. त्यात भाजण्याचा वेळ तासाभराच्या आतबाहेर. बाकीचा मळण्यात आणि वाट पाहण्यात जातो. मशीन आधी मळते, थांबते, पुन्हा मळते. मग ऊब धरून पीठ फुगू देते, मध्ये एक-दोनदा पाते फिरवून त्यातली हवा मोडते, पुन्हा फुगू देते आणि शेवटी भाजते. हे सगळे घड्याळाच्या हिशेबाने चालते. गोळा सैल झाला की घट्ट, पीठ फुगले की बसले, हे त्याला कळत नाही. ते पाहायचे काम माणसाकडेच राहते. हौसेने आणलेले मशीन महिन्याभरात माळ्यावर जाते ते बहुधा हे काम कोणीच न केल्यामुळे.

या यंत्राला मळायला शिकवणे किती अवघड गेले, त्याची हकिगत जपानमधली आहे. 1985 च्या सुमारास ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीचे, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकचे, अभियंते घरगुती ब्रेड मशीन बनवत होते. ब्रेड वरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. हाताने मळलेल्या आणि यंत्राने मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून पाहिले, तरी चूक सापडेना. अखेर सॉफ्टवेअर विभागातल्या इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे मळणी शिकायला गेल्या. तिथे त्यांच्या लक्षात आले, की तो बेकर पीठ नुसते दाबत नाही. ताणताना त्याला पीळही देतो. तो पीळ यंत्रात आणण्यासाठी डब्याच्या आतल्या बाजूला कंगोरे बसवावे लागले. 1987 मध्ये मशीन बाजारात आले. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक इकुजिरो नोनाका यांच्या लिखाणामुळे ही गोष्ट पुढे जगभर माहीत झाली. स्वयंपाकघरापुरता तिचा अर्थ एवढाच, की यंत्रात एका चांगल्या बेकरचा हात आहे, पण त्या हाताला सवय आहे ती चिवट मैद्याची. आपल्या गिरणीचे पीठ त्याच्या ओळखीचे नाही.

म्हणून मशीनसोबतच्या पुस्तिकेतली कृती भारतात जशीच्या तशी उतरत नाही. त्या कृती ब्रेडसाठी वेगळ्या काढलेल्या मैद्याच्या असतात आणि त्यात प्रथिने साधारण 12 ते 13 टक्के असतात. आपला नेहमीचा मैदा बहुतेकदा त्याहून कमी भरतो. पाकिटावर 100 ग्रॅममागे प्रथिनांचा आकडा छापलेला असतो, तो वाचून 11 च्या पुढचा मैदा निवडावा. पाणी घालून पीठ तिंबले की त्यातल्या प्रथिनांचे ग्लुटेन तयार होते आणि यीस्टने सोडलेला वायू तेच धरून ठेवते. कणकेची गोष्ट निराळी. तिच्यात प्रथिने कमी नसतात, पण कोंड्यामुळे ग्लुटेनचे जाळे तुटते. शिवाय जात्याच्या दगडांखाली गव्हातला स्टार्च चांगलाच रगडला जातो, आणि असे पीठ पाणी जास्त पिते. पोळी मऊ होते ती याच गुणामुळे. ब्रेडला मात्र तो भोवतो. मैद्याच्या मापाने पाणी घातलेला कणकेचा ब्रेड विटेसारखा निघतो.

सुरुवात निम्मी कणीक आणि निम्मा मैदा अशी करावी. मध्यम डब्याला 200 ग्रॅम कणीक, 200 ग्रॅम मैदा, सुमारे 275 मिलिलिटर पाणी, 7 ग्रॅम मीठ, चहाचे तीन चमचे साखर, टेबलस्पूनभर तेल किंवा लोणी आणि 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट हे प्रमाण जमते. पूर्ण कणकेचा ब्रेड हवा असेल तर पाणी 300 च्या पुढे न्यावे लागते आणि दर 100 ग्रॅम कणकेला चहाचा एक चमचा विकतचे ग्लुटेन घातल्यास ब्रेड चांगला उंच येतो. नाचणी, ज्वारी, बाजरी यांच्यात ग्लुटेन नाही. चवीसाठी एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ती घालावीत. त्यापुढे ब्रेड भरभरीत होतो आणि तव्यावरची भाकरीच बरी वाटते.

मापे वाट्यांनी घेऊ नयेत. दाबून भरलेल्या आणि भुरभुरून भरलेल्या वाटीत पिठाचा चांगलाच फरक पडतो, आणि यंत्र तो सावरून घेत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ही इथे चैन नाही, गरजच आहे. मशीनचे चार जादा प्रोग्रॅम नसले तरी चालते. डब्यात आधी पाणी आणि तेल, त्यावर पीठ, एका कोपऱ्यात मीठ, दुसऱ्यात साखर आणि पिठाच्या मधोमध छोट्या खळग्यात यीस्ट. यीस्ट कोरडे राहावे आणि मिठाशी थेट लागू नये म्हणून ही मांडणी. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत क्रम उलटा असतो किंवा यीस्टला वेगळा कप्पा असतो. तिथे पुस्तिकेचेच ऐकावे. मीठ कमी करण्याच्या फंदात पडू नये. ते यीस्टला आवर घालते आणि ग्लुटेनला बळ देते. मीठ विसरलेला ब्रेड भराभर फुगून मध्येच बसतो.

मळणी सुरू झाली की पहिली दहा मिनिटे झाकण उघडून पाहण्याची असतात. त्याने काही बिघडत नाही. दोन-तीन मिनिटे नुसता चिखल दिसतो आणि कोपऱ्यांत कोरडे पीठ अडकून राहते; ते रबरी उलथन्याने मध्ये ढकलावे. पाचव्या-सहाव्या मिनिटाला गोळा धरू लागतो. आठव्याच्या आसपास तो डब्याच्या कडा पुसत फिरतो, वरून तुकतुकीत दिसतो आणि तळाशी पात्याजवळ किंचित चिकटून ताणला जातो. मोटर थांबल्यावर बोट लावावे: चिकट लागावे, पण बोटाला पीठ येऊ नये, आणि दाबलेला खळगा हळूहळू वर यावा. गोळा खडबडीत दिसत असेल, चिरा पडत असतील किंवा मोटर कण्हल्यासारखी वाजत असेल तर पाणी कमी आहे. चहाचा एक-एक चमचा घालून मिनिटभर वाट पाहावी. गोळा न धरता पीठ तळाशी पसरत असेल तर चमचाभर मैदा भुरभुरावा. कणीक पाणी सावकाश पिते, म्हणून कणकेचा गोळा आरंभी थोडा सैलच बरा. पोळीच्या कणकेचा अंदाज इथे फसवतो. ब्रेडचा गोळा तिच्याहून बराच मऊ लागतो, आणि पोळ्या करणाऱ्या सराईत हाताला तो पातळ वाटून वर पीठ घालण्याचा मोह होतो. तो आवरावा.

दुसरी काळजी हवेची. यीस्ट 27 ते 35 अंशांत जोमाने काम करते आणि साधारण 55 अंशांच्या पुढे मरते. मळताना घर्षणाने पीठ तापते, त्यात मशीन स्वतःची ऊब घालते. विदर्भातल्या मे महिन्यात स्वयंपाकघर 40 अंशांवर असते. तेव्हा कोमट पाणी वापरा असे पुस्तिका सांगत असली तरी फ्रिजमधले गार पाणी घ्यावे आणि यीस्ट 3 ग्रॅमवर आणावे. तसे न केल्यास पीठ वेळेआधी फुगते आणि भाजायची वेळ येईपर्यंत खचते. नाशिकच्या जानेवारीत उलट, पाणी कोमट हवे. रात्री टायमर लावून सकाळी ताजा ब्रेड मिळवण्याची सोय उन्हाळ्यात टाळलेलीच बरी; टायमर लावायचा झाला तर त्या कृतीत दूध, दही किंवा अंडे कधीच असू नये, कारण ते तासन्‌तास बाहेर राहून नासते.

झाकण मळणीत उघडले तरी चालते. शेवटच्या फुगवणीपासून भाजून होईपर्यंत मात्र ते बंदच असावे. मधेच वीज गेली तर काही मशीन थोडा वेळ टप्पा लक्षात ठेवतात, काही ठेवत नाहीत. वीज लवकर येणार नसेल तर गोळा काढून तेल लावलेल्या भांड्यात झाकून फुगवावा आणि गॅसच्या ओव्हनमध्ये किंवा शिट्टी व रिंग काढलेल्या कुकरमध्ये पाणी न घालता भाजावा.

भोंगा वाजला की डबा लगेच बाहेर काढावा. आत राहिल्यास वाफ कोंडून ब्रेडच्या कडा ओलसर होतात. जाळीवर तासभर निवल्याशिवाय सुरी लावू नये. गरम ब्रेड आतून चिकट असतो आणि कापताना चेंगरतो. सुरी दातेरी हवी. विकतच्या ब्रेडमध्ये बुरशी रोखणारे कॅल्शियम प्रोपिओनेट असते, घरच्यात नसते, त्यामुळे पावसाळ्यात तो दोन-तीन दिवसच टिकतो. पिठाला बळकटी आणण्यासाठी बेकऱ्यांत पोटॅशियम ब्रोमेट वापरत. त्याला मनाई करायला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला 2016 साल उजाडावे लागले. उरलेला ब्रेड फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नये. त्या गारव्यात स्टार्च लवकर घट्ट होतो आणि ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो. काप करून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे थेट तव्यावर शेकावेत.

ब्रेड बिघडला तर खूण त्याच्यावरच सापडते. माथा खचलेला असेल तर पाणी किंवा यीस्ट जास्त झालेले असते, नाहीतर हवा गरम असते. बुटका आणि जड निघाला तर पाणी कमी पडले किंवा यीस्ट जुने झाले. यीस्टची शंका आल्यास साखर घातलेल्या कोमट पाण्यात चिमूटभर सोडून पाहावे. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते फेकावे. उघडलेले पाकीट हवाबंद डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावे. कच्चा लसूण यीस्ट आणि ग्लुटेन दोघांनाही मारक ठरतो, म्हणून तो परतून घालावा. कांदा, पालक, किसलेले गाजर आपले पाणी घेऊन येतात, तेवढे पाणी आधीच कमी करावे. तळाला राहिलेले भोक हा दोष नाही. ती पात्याची जागा.

पावाची अपेक्षा मशीनकडून करू नये. बेकरीतला लादी पाव, मुंबईच्या इराण्याकडचा कडक ब्रुन किंवा गोव्याच्या पोदेराची कोंड्यातली पोई यांना भट्टीची झळ लागते. मशीनची कॉइल डब्याच्या बाजूंनी भाजते, त्यामुळे माथा फिका आणि मऊ राहतो. गोळा तयार करून देण्याचे काम मात्र ते उत्तम करते. दीड तासाचा फक्त मळण्या-फुगवण्याचा प्रोग्रॅम लावावा, गोळ्याचे भाग करून ताटात जवळजवळ लावावेत, पुन्हा दुप्पट होऊ द्यावेत आणि तापलेल्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर पंधरा-वीस मिनिटे भाजावेत. बऱ्याच घरांत काही महिन्यांनी मशीनचा मुख्य उपयोग हाच होऊन बसतो, आणि त्यात गैर काही नाही.

डबा निवला की त्यात कोमट पाणी ओतून पाते भिजत ठेवावे. ओढून काढू नये. काथ्या आणि तारेची घासणी लावू नये, आतला थर निघतो. डबा पाण्यात पूर्ण बुडवू नये, कारण पाते फिरवणारी खुंटी त्याच्या बुडाला असते आणि तिच्यात पाणी शिरले की ती लवकर खराब होते.