तारेत हात आखडता घेऊ नकोस

अगं पोरी, मळ्यातल्या खोलीवर सोलर बसवतेयस हे ऐकून तुझ्या मामाचा जीव सुखावला. 150 वॅटचं पॅनेल, 12 व्होल्टची 100 ॲम्पिअर-अवर बॅटरी, चार दिवे, पंखा, छोटा इन्व्हर्टर. यादी झकास झालीय. फक्त शेवटी ‘वायर: मिळेल ती’ असं लिहिलंयस, तिथं मी पेन्सिलीनं गोल केलाय. हे सगळं त्या गोलाबद्दल.

1. आधी टेप धर, मग दुकानात जा. पत्र्यावरून, भिंतीवरून, कोपऱ्याला वळसा घेत तार जशी जाणार तशीच मोज आणि आकडा दुप्पट कर – प्लसनं निघालेली वीज मायनसनं परत येते, वाट दोन्हीकडची पडते.

2. दुकानात ‘अडीच एमएम’ म्हणतात ते आतल्या तांब्याचं क्षेत्रफळ, तारेची जाडी नव्हे. वेष्टनावर छापलेलं चौरस मिलिमीटर वाच – वरचं प्लास्टिक जाड असलं तरी तार भरदार दिसते. पोळी फुगली म्हणून पीठ वाढत नाही.

3. हिशेब पाठ करून टाक: जाऊन-येऊन मीटर गुणिले ॲम्पिअर गुणिले 0.0175, भागिले तारेचे एमएम – जे उत्तर येईल तेवढे व्होल्ट तांब्याची तार वाटेतच खाते. तुझं पॅनेल 12 मीटरवर, म्हणजे 24 मीटर, आणि भर उन्हात 8 ॲम्पिअर. अडीच एमएम 1.34 व्होल्ट खाईल, चार एमएम 0.84, सहा एमएम 0.56. सहाच घे.

4. ‘सव्वा व्होल्टानं काय बिघडतं मामा?’ असं विचारशील, म्हणून इथं जरा थांबतो. पॅनेलवर 18 व्होल्ट लिहिलेले असतात ते 25 अंशांचे. वैशाखात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापलं की तेच 15-साडेपंधरावर उतरतं. बॅटरी पुरती भरायला 14.4 लागतात. त्यात तारेनं सव्वा व्होल्ट घेतला तर बॅटरी रोज अर्धपोटी झोपते, प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि तिची ताकद कायमची जाते. माझी पहिली बॅटरी अशीच गेली. पाणी तपासलं, जागा बदलली, दुकानदाराशी वाद घातला. तारेकडे मात्र पाहिलं नाही. बारीक तार, बॅटरी बेजार.

5. पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर बॅटरीच्या अगदी शेजारी लाव, त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची तार हातभर आणि जाड – तो आपल्या दारातले व्होल्ट मोजतो. मधे तार बारीक असली की त्याला बॅटरी भरल्यासारखी वाटते आणि तो लवकर हात आवरता घेतो.

6. इन्व्हर्टरही बॅटरीजवळच, 16 एमएमच्या तारेनं, मीटरभराच्या आत – 500 वॅट ओढले तर बॅटरीकडून 50 ॲम्पिअरच्या आसपास जातात, 230 व्होल्टच्या बाजूला मात्र जेमतेम सव्वादोन. लांब न्यायची तर ती 230 वाली तार ने.

7. पुढं गोठ्यापर्यंत दिवे न्यायचे मनात असेल तर आत्ताच 24 व्होल्टचा विचार कर – त्याच वॅटला ॲम्पिअर निम्मे होतात, आणि त्याच तारेतली टक्केवारीतली घट चौथाईवर येते.

8. तार घेताना टोकाची एक काडी चाकूनं खरवड. बाहेर लाल आणि आत पांढरी निघाली तर तो ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा, ठेवून दे. बाहेर पांढरी आणि आत लाल निघाली तर घाबरू नकोस – सोलरच्या चांगल्या केबलमध्ये तांब्यावर कथलाचा थर असतो, गंजू नये म्हणून.

9. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर – बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारावर ॲम्पिअर सोडते, आणि फ्यूजच्या अलीकडच्या तारेला कुणी वाली नसतो. फ्यूज तारेच्या मापाचा असतो, दिव्यांच्या नव्हे: दीड एमएमला 10 ॲम्पिअर, तुझ्या 16 एमएमला 60.

10. घरातला जुना एमसीबी तिथं लावू नकोस, डीसीचा वेगळा माग – एसीचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीची ठिणगी धरूनच बसते.

11. छपरावर घरातली साधी वायर नको – उन्हानं तिचं प्लास्टिक तडकतं. खोलीत आल्यावर पाइपातून ने, उंदरांना तार फार आवडते.

12. जोड पिळून टेप गुंडाळायचा नाही. थिंबल लाव, क्रिम्पिंगच्या पकडीनं दाब, आणि आठवड्यानं सगळे स्क्रू पुन्हा आवळ – बारीक काड्यांची तार दाबाखाली बसते आणि स्क्रू सैल पडतो. सैल जोड तापतो, आणि आग लागली तर बहुधा तिथूनच लागते. बॅटरीजवळ काम करताना बांगड्या आणि अंगठी काढून ठेव, हे मात्र हट्टानं सांगतोय.

13. सगळं जोडून झालं की स्वच्छ उन्हाच्या दुपारी, बॅटरी थोडी उतरलेली असताना, मल्टिमीटरनं आधी पॅनेलपाशी आणि लगेच कंट्रोलरपाशी व्होल्ट मोज – वीज वाहत नसताना बारीक तारही पूर्ण व्होल्ट दाखवते. फरक पाऊण व्होल्टच्या आत असला तर फोन करून सांग. जास्त आला तर काही न उपटता आधी फोन कर. बहुतेक एखादा स्क्रूच सैल असेल, आपण दोघं शोधू.